जागल्याचं (व्हिसलब्लोअरचं) पत्र कोणाच्या टेबलावर जातं?

नोव्हेंबर 2002 मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. नाव गुप्त राहावं म्हणून स्वतःची माहिती त्यांनी वेगळ्या कागदावर दिली होती. पत्र खालच्या अधिकाऱ्यांकडे गेलं, त्यासोबत तो कागदही गेला. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. सीबीआयच्या मते ही लूटमार होती आणि 2010 मध्ये तिघांना शिक्षाही झाली. पण नाव फुटलं ते सरकारी टपालातच, हे लपण्यासारखं नव्हतं.

एप्रिल 2004 मध्ये केंद्राने ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. त्यातली पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे: बंद पाकीट, वर ठरावीक शेरा, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही, नाव-पत्ता फक्त आतल्या पत्रात. निनावी तक्रार मात्र घेतली जात नाही. याचा कायदा 2014 मध्ये झाला, पण अजून अमलात आलेला नाही. शिवाय तो सरकारी कारभारापुरता. खासगी नोकरदाराला त्याचा उपयोग नाही.

कंपन्यांची वाट वेगळी. व्यवसायनीतीचे अमेरिकी अभ्यासक रिचर्ड डी जॉर्ज यांची कसोटी प्रसिद्ध आहे: हानी गंभीर हवी, आधी वरिष्ठाला सांगावं, मग संचालक मंडळापर्यंतची दारं ठोठावावीत, त्यानंतरच बाहेर बोलणं योग्य. आपली नियमावली नेमकी याच मधल्या दारांभोवती फिरते. एन्‌रॉन कंपनीच्या हिशेब घोटाळ्यानंतर अमेरिकेने 2002 मध्ये ऑडिट कमिटीला (हिशेबांवर देखरेख करणाऱ्या संचालकांच्या समितीला) निनावी तक्रारी घेण्याची व्यवस्था सक्तीची केली. आपल्याकडे नारायण मूर्ती समितीने 2003 मध्ये तशी शिफारस केली, पण शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने ऑक्टोबर 2004 मध्ये सूचीबद्ध कंपन्यांच्या करारातलं कलम 49 सुधारताना ती ऐच्छिक ठेवली. उद्योगांचा विरोध पाहता हे अपेक्षितच होतं.

मग सत्यम घोटाळा. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. त्याआधी डिसेंबरमध्ये एका स्वतंत्र संचालकाला या गैरव्यवहाराबद्दल निनावी ईमेल आला होता.

अशा तक्रार-व्यवस्थेची सक्ती आली ती 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 177 ने. सूचीबद्ध कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून 50 कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्या यात येतात. अपवादात्मक प्रकरणी ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे थेट जाता आलं पाहिजे, ही यातली खरी कामाची ओळ. घोळ होतो तो इथेच. तक्रारींचं धोरण वेबसाइटवर असतं, पण तक्रारीचा ईमेल उघडतो एचआर किंवा कंपनी सेक्रेटरी, ज्यांचं अप्रेझल एमडीच्या हातात. तक्रारीत व्हाउचर क्रमांक आणि तारीख असली की चार जणांच्या विभागात ती कोणी लिहिली हे संध्याकाळपर्यंत कळतं. उघड बडतर्फी क्वचितच होते. लांबची बदली किंवा घसरलेलं रेटिंग होतं, आणि त्याचा तक्रारीशी संबंध सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. तक्रार जशीच्या तशी पुढे न धाडता आधी ओळख पटवणारा तपशील वगळायचा, एवढं साधं कामही बहुतेक धोरणांत लिहिलेलं नसतं.

पुढच्या दुरुस्त्या बाहेरून दाब आणणाऱ्या आहेत. डिसेंबर 2019 पासून इनसायडर ट्रेडिंगची (आतल्या गोपनीय माहितीवर केलेल्या शेअर व्यवहारांची) खबर देणाऱ्याला सेबी बक्षीस देऊ शकते, आणि कॅरो 2020 या ऑडिट अहवालाविषयीच्या सरकारी आदेशानुसार वर्षभरात आलेल्या अशा तक्रारी विचारात घेतल्या का, हे ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं.