सॅव्हानातील झाडे व गवत : सहअस्तित्व

उष्ण प्रदेशातील ज्या परिसंस्थेत गवताचा थर सलग असतो आणि झाडे विरळ असल्याने त्यांचे छत्र जुळत नाही, तिला सॅव्हाना म्हणतात. पाणी, उजेड आणि पोषकद्रव्ये यांसाठी झाडे व गवत यांची सतत झटापट चालते, तरी कोणीही दुसऱ्याला पुरते हटवत नाही. याचे कारण सर्वत्र एकच नसते. पाऊसमानानुसार ते बदलते.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख वॉल्टर यांनी पाण्याच्या वाटणीवर भर दिला. गवताची तंतुमुळे वरच्या थरातली ओल उचलतात, झाडांची मुळे त्याखाली पोचतात. मोठ्या झाडांना हे बऱ्याच अंशी लागू पडते. रोपाची मुळे मात्र पहिली काही वर्षे गवताच्याच थरात अडकलेली असतात आणि तिथे गवत वरचढ ठरते. झाडाचे भवितव्य ठरते ते याच वयात.

परिसंस्थाशास्त्रज्ञ महेश शंकरन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांची माहिती तपासली. वर्षाला सुमारे ६५० मिमी.पेक्षा कमी पाऊस असेल, तर झाडोरा किती वाढू शकतो याची मर्यादा पाणीच घालते. त्याहून जास्त पावसात जंगल दाटू शकते. तिथे गवत टिकते ते वणवा आणि चराई यांमुळे.

ठाणे व नवी मुंबईचे वार्षिक पाऊसमान २,००० मिमी.च्या वर आहे. त्यामुळे पारसिक किंवा खारघरच्या उतारांवरील गवताळ पट्ट्यांचे कारण पाण्याच्या टंचाईत शोधू नये. पूर्वीची तोड, भातरोपांच्या राबासाठी (रोपांची जमीन भाजण्यासाठी) केलेली फांदीछाटणी, गुरे, गवतकापणी, उथळ मुरमाड जमीन आणि दरसालचे वणवे यांनी ते घडले आहेत. महाराष्ट्रातील खरी सॅव्हाना सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पुणे, अहिल्यानगर, सोलापूरच्या माळांवर आहे. दोन्हींना एकच ‘पडीक माळ’ समजून सारखीच वृक्षलागवड करणे चूक आहे. पर्जन्यछायेतल्या माळावर झाडी दाटली, की सावली न सोसणारे गवत विरळ होते आणि लांडगा, खोकड, माळटिटवी यांचा अधिवास जातो.

वणव्यात गवत वरून जळते, पण त्याचे वाढीचे कोंब जमिनीलगत झाकलेले असल्याने पावसाबरोबर ते पुन्हा फुटते. कुसळी या गवताचे बी आणखी सुरक्षित असते. दमटपणा बदलला, की त्याचे लांब कुसळ पीळ घेते व सोडते. त्या फिरकीने टोकदार बी मातीत घुसते. गवताची आग झपाट्याने पुढे सरकत असल्याने मातीत थोडे खाली गेले तरी धग बरीच कमी होते.

झाडाच्या रोपाचा शेंडा ज्वाळेच्या पट्ट्यातच असतो. तो जळतो, मुळातून नवे धुमारे येतात, पुढच्या उन्हाळ्यात तेही जळतात. यालाच वणव्याचा सापळा म्हणतात. साधारण २ ते ३ मीटर उंची आणि जाड साल लाभली, की झाड त्यातून सुटते; त्यासाठी काही वर्षे सलग आगीविना जावी लागतात. कुंभा आणि पळस ही झाडे अशा आगीत तग धरतात. कुंभ्याची जाड, भेगाळ साल आतल्या जिवंत थराला धग लागू देत नाही.

चराईचा परिणाम उलटाही होतो. पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९६० च्या दशकात बुळकांडी हा गुरांचा साथरोग आटोक्यात आल्यावर विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या खुरी प्राण्यांची संख्या काही लाखांवरून दहा लाखांच्या पुढे गेली. त्यांनी गवत खाल्ले, जळण घटले, आगी कमी झाल्या आणि झाडे वाढली.

ठाण्याच्या टेकडीवर लागवडीआधी उतार नीट पाहावा. जाड खोडक्यातून बोटाएवढे अनेक धुमारे आले असतील आणि जुन्या काड्यांची टोके काळी असतील, तर तिथे झाडे आहेतच; ती सापळ्यात आहेत. अशा जागी नवे खड्डे खणण्यापेक्षा आग थांबवणे स्वस्त आणि खात्रीचे. पावसाळ्यानंतर गवत कापून उताराबाहेर न्यावे. कापून तिथेच टाकले, तर जळण तसेच राहते. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी गवत काढलेली पट्टी, फेब्रुवारीच्या मध्याआधी साफ करावी. दर खोडक्यावर दोन-तीन सरळ, जोमदार धुमारे राखून बाकीचे छाटावेत. नवे रोप लावलेच, तर त्याच्याभोवती सुमारे एक मीटरपर्यंतचे गवत मुळासकट काढावे. नुसते वरून कापलेले गवत पुन्हा फुटते आणि पाऊस थांबताच रोपाच्या वाट्याची ओल ओढून घेते.