बनगावची पटकीसाथ आणि क्षारपाण्याचे उपचार (१९७१)

बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची म्हणजे कॉलऱ्याची साथ पसरली असता, जून ते ऑगस्ट १९७१ दरम्यान केलेले तातडीचे उपचार. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेले पाणी रुग्णांना तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. आज ओआरएस किंवा जलसंजीवनी या नावाने घराघरात माहीत असलेल्या उपचाराचा मोठ्या प्रमाणावरील हा पहिला वापर. क्षार कोणते आणि किती घ्यायचे हे आधीच माहीत होते. बनगावचे खरे महत्त्व ते कोणाच्या हातात दिले गेले यात आहे.

पाकिस्तानी लष्कराने २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू केली आणि पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे सीमेकडे निघाले. वर्षअखेरीपर्यंत भारत सरकारच्या नोंदींनुसार सुमारे ९९ लाख लोक भारतात आले होते. त्यासाठी आठशेहून अधिक छावण्या उघडाव्या लागल्या. जेमतेम साडेपंधरा लाख वस्तीच्या त्रिपुरात सुमारे चौदा लाख निर्वासित होते. कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात लोकांनी गटारांसाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या मोठ्या पाइपांत संसार मांडले. हा भार साऱ्या देशाने उचलला. नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर पाच पैशांचे ‘निर्वासित साहाय्य’ तिकीट जादा लावावे लागे, आणि महाराष्ट्रातल्या जुन्या पत्रव्यवहारात ते अजून सापडते.

बनगाव हे जेसोर रस्त्यावरचे, सीमेपासून अगदी जवळचे गाव. त्या परिसरात सुमारे साडेतीन लाख निर्वासित गोळा झाले होते. पावसाळा तोंडावर होता, प्यायचे पाणी आणि शौचाची जागा यांत अंतर उरले नव्हते आणि कित्येक दिवस उपाशी चाललेली मुले आधीच अशक्त होती. पटकीला याहून सोयीची परिस्थिती नसते. सीमेवर लस टोचली जात होती, पण त्या काळच्या लशीचे संरक्षण तोकडे होते. सप्टेंबरअखेर निर्वासितांमधील पटकीच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या ४६ हजारांच्या वर गेली.

पटकीत माणूस मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जंतूंचे विष लहान आतड्याला पाणी सोडायला लावते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात आणि दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, आवाज बसतो, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, मनगटाची नाडी लागत नाही. काही तासांत धडधाकट माणूस जातो. गेलेले पाणी वेळेवर भरून काढले, तर तोच माणूस दोन-तीन दिवसांत उठून चालू लागतो. इतक्या गंभीर आजारातून इतक्या लवकर बरे होण्याची उदाहरणे वैद्यकात फार नाहीत, म्हणून पटकीचा प्रत्येक मृत्यू अधिक सलतो.

महालनबीस मूळचे किशोरगंजचे, म्हणजे पूर्व बंगालचेच. बालरोगतज्ज्ञ असलेले हे डॉक्टर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातील संशोधन केंद्रात काम करत होते. २४ जूनला ते पथकासह बनगावच्या रुग्णालयात पोहोचले, तेव्हा पटकीच्या रुग्णांसाठी दोन खोल्या होत्या आणि त्यांत सोळा खाटा. बाकीचे रुग्ण जमिनीवर. सलाईन लावायचे तर उलटी आणि जुलाबाच्या थारोळ्यात गुडघे टेकून शीर शोधावी लागे. शीर शोधून सुई घालू शकणारी माणसे पथकात मोजकी होती आणि बाटल्यांचा साठा संपत चालला होता. या मार्गाने साथ आवरणार नाही, हे दोन दिवसांतच त्यांच्या लक्षात आले.

दुसरा मार्ग प्रयोगशाळेत तयार होता. ग्लुकोज सोबत असले की आतडे सोडियम आत ओढून घेते आणि त्यामागोमाग पाणीही शोषले जाते. पटकीतही ही क्रिया शाबूत राहते. कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच तोंडाने द्यायच्या क्षारपाण्याचे अनुभव प्रसिद्ध केले होते. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन, रिचर्ड कॅश आणि रफीकुल इस्लाम यांनी ही पद्धत काटेकोरपणे सिद्ध करून दाखवली. तरी जाणत्या डॉक्टरांना धास्ती होती. हे पाणी मोजूनमापून, तज्ज्ञांच्या नजरेखालीच द्यावे, अशी समजूत होती आणि उपचार रुग्णालयाच्या चार भिंतींत अडकून पडले होते.

महालनबीस यांनी ही अट ओलांडली. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा एवढेच प्रमाण ठरले. पोटॅशियम त्यात नव्हते. बाजारात सहज मिळेल आणि चटकन मिसळता येईल तेवढेच घ्यायचे होते. कोलकात्याच्या केंद्रातील ग्रंथालयाच्या खोलीत वजन करून मिश्रण प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचे आणि पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने चिकटवायचे, असे काम सुरू झाले. बनगावात पिशव्या पाण्याच्या पिंपांत रिकाम्या केल्या जात. पिंपाला तोटी होती. आई, भाऊ, शेजारी, जे कोणी जवळ असेल त्याने पेला भरून न्यायचा आणि रुग्णाला घोटाघोटाने पाजत राहायचे. उलटी झाली तरी थांबायचे नाही. नाडी न लागणाऱ्या रुग्णाला आधी सलाईन आणि थोडा सावरला की हेच पाणी, असा क्रम होता. सुरुवातीला लोक बिचकले, कारण खरा उपचार म्हणजे सुई, अशीच त्यांची समजूत होती. शेजारच्या पोराने डोळे उघडलेले पाहिल्यावर शंका उरली नाही. पुढे हे प्रमाण बांगलादेशच्या गुप्त नभोवाणीवरूनही सांगितले गेले.

सुमारे दोन महिन्यांत तीन हजार सातशेच्या आसपास रुग्णांवर उपचार झाले. अशा परिस्थितीत एरवी शंभरात वीस ते तीस रुग्ण दगावत. बनगावच्या केंद्रात हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. या कामाचा अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. रीतसर तुलनेसाठी रुग्णांचे दोन गट केलेले नव्हते, म्हणून त्याकडे संशयानेही पाहिले गेले. मात्र पाणी हाताशी असताना निम्म्यांना ते न देण्याचा प्रयोग त्या खोल्यांत करायला हवा होता, असे म्हणणे माणुसकीला धरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे पटकीतज्ज्ञ धीमान बरुआ यांनी छावणीत येऊन काम डोळ्यांनी पाहिले होते आणि संघटनेत या उपचाराची बाजू त्यांनी लावून धरली. १९७८ मध्ये संघटनेने अतिसार नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम सुरू केला.

बनगावात हे काम चालू होते त्याच वर्षी, १९७१ मध्ये, त्रिपुरात बिश्रामगंजला बांबू आणि गवताच्या छपराखाली ४८० खाटांचे बांगलादेश फील्ड हॉस्पिटल चालले होते. डॉ. जफरुल्ला चौधरी आणि डॉ. मोबिन यांनी ते उभारले. कॅप्टन सितारा बेगम तेथे प्रमुख होत्या. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या तरुण मुलींना तिथे शुश्रूषेचे काम शिकवून वॉर्डात उभे केले गेले. निर्वासित परतल्यावर त्यांच्या पुनर्वसनासाठी १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० च्या दशकात गावोगाव स्त्रिया पाठवून एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण करायला शिकवले. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला तिने किती घरे फिरली यावर नव्हे, तर आयांच्या किती ध्यानात राहिले यावर ठरे. सार्वजनिक आरोग्यात इतकी नेमकी मोजपट्टी क्वचितच लावली जाते.

पाकिटे पोहोचली म्हणजे उपचार पोहोचला असे होत नाही, हे १९९४ मध्ये गोमा येथे दिसले. रवांडातून पळालेले पाच ते आठ लाख लोक जुलैत झैरेच्या त्या शहराभोवती ज्वालामुखीच्या खडकावर येऊन पडले, जिथे शौचासाठी खड्डा खणणेही अवघड होते. पहिल्या महिन्यात जवळपास पन्नास हजार माणसे मेली, बहुतेक पटकी आणि हगवणीने. मदतीला गेलेल्या ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राच्या पथकाला उपचारकेंद्रांतच त्रुटी आढळल्या: पाणी भरून काढण्याचा वेग कमी, तोंडाने द्यायच्या पाण्याचा वापर अपुरा, काम करणाऱ्यांना पटकीचा अनुभव नाही. बनगावला तेवीस वर्षे झाली होती.

निर्वासित छावण्यांसाठी आता किमान निकष ठरले आहेत. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, वीस जणांमागे एक शौचालय. दहा हजारांमागे रोजचा एक मृत्यू झाला की आणीबाणी समजायची. ओआरएसचे प्रमाणही २००२ मध्ये बदलून मीठ व साखर कमी करण्यात आली. २०१७ मध्ये म्यानमारमधून हाकलले गेलेले रोहिंग्या कॉक्स बाजार भागात आले, तेव्हा ऑक्टोबरातच तोंडाने द्यायच्या पटकीच्या लशीचे नऊ लाख डोस तिथे आणले गेले आणि पटकीची मोठी साथ उद्भवली नाही. महालनबीस यांचे १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात निधन झाले. पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी, मरणोत्तर मिळाले.