किंग्ज बेमधले मॅनेटी: पाण्यात उतरण्याचे नियम कसे घडले

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर क्रिस्टल रिव्हर हे छोटं शहर आहे. तिथल्या किंग्ज बेमध्ये जमिनीखालचे कितीतरी झरे उघडतात आणि त्यांचं पाणी बारा महिने साधारण 22 अंश सेल्सिअस असतं. थंडीत बाहेर मेक्सिकोच्या आखाताचं पाणी याहून बरंच गार पडतं. मॅनेटी म्हणजे पाण्यात राहणारा, गवत खाणारा सस्तन प्राणी. दिसायला अगडबंब, साधारण साडेचारशे किलोचा. पण अंगात चरबी बेताची आणि चयापचय मंद. 20 अंशांखालच्या पाण्यात फार दिवस काढावे लागले की त्याचं खाणं सुटतं, कातडीवर व्रण उठतात आणि तो दगावूही शकतो. म्हणून थंडीत शेकडो मॅनेटी या झऱ्यांशी गोळा होतात. पर्यटकही नेमके तेव्हाच येतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

1960 च्या दशकाच्या अखेरीस संशोधक डॅनियल हार्टमन यांनी इथल्याच पाण्यात उतरून मॅनेटींचा अभ्यास केला. पुढे नाव पसरलं आणि पाणबुडे येऊ लागले. कायदे तसे जुनेच होते: 1893 मध्ये फ्लोरिडाने शिकारीला आळा घातला, 1972 आणि 1973 चे (सागरी सस्तन प्राणी आणि संकटग्रस्त प्रजातींच्या रक्षणाचे) केंद्रीय कायदे आले, 1978 मध्ये राज्याने स्वतःचा मॅनेटी कायदा केला, 1983 मध्ये किंग्ज बेमध्ये राष्ट्रीय अभयारण्य झालं. 1970 च्या दशकातल्या या कायद्यांत प्राण्याला ‘त्रास देणं’ गुन्हाच होता. प्रश्न एवढाच, की त्रास म्हणजे नेमकं काय? काही मॅनेटी आपणहून माणसाजवळ येतात, उलटे होऊन पोट खाजवून घेतात. मग ‘एकच हात, तोही उघडा’ असा हात लावण्याचा व्यवहारी तोडगा रूढ झाला. तो अपुरा होता. झोपलेल्याला हात लावला की तो जागा होतो, आणि वैतागून निघाला तर जातो कुठे? गार पाण्यात.

2012 च्या केंद्रीय नियमाने या धूसरपणाला बराच आळा घातला. झोपलेल्या किंवा खाणाऱ्या मॅनेटीला हात लावायचा नाही. पाठलाग करायचा नाही, घेराव घालायचा नाही. त्याच्यावर बसायचं, उभं राहायचं, त्याला धरायचं किंवा डिवचायचं नाही. वरून त्याच्या अंगावर बुडी मारायची नाही. आई-पिल्लाच्या मध्ये शिरायचं नाही. खायला-प्यायला काही द्यायचं नाही. पाण्याचा पाइपही नाही, कारण त्या सवयीने ते धक्क्यांपाशी, म्हणजे बोटींच्या पंख्यांपाशी घुटमळू लागतात. नियमांतला पिल्लाचा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: पिल्लू दोन वर्षांपर्यंत आईबरोबर राहतं, तिच्याकडूनच उबेच्या जागा शिकतं.

परवानाधारक सहलींत उतरण्याआधी वर्तनाची चित्रफीत दाखवतात. पाण्यातली मुख्य शिकवण म्हणजे आडवं तरंगणं. वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, ऊब देतोच, शिवाय अंग वर धरून ठेवतो. त्यात काखेखाली फोमची नूडल (लांब तरंगती दांडी) घेतली की हातपाय हलवावे लागत नाहीत. नवखा माणूस घाबरला की हमखास उभा राहतो. मग पाय तळाला लागतात, गाळ उसळतो, काही दिसेनासं होतं आणि तळाच्या गवतावर चिखल बसतो. पाय आपटून पोहणंही तितकंच वाईट, कारण मॅनेटीच्या अंगभर विरळ संवेदी केस असतात. पाण्याची हालचाल त्याला लगेच कळते. स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) पुरतो, हवेच्या टाकीचे बुडबुडे त्यांना बिचकवतात. झोपलेला मॅनेटी दर काही मिनिटांनी श्वासाला वर येतो, म्हणून त्याच्या बरोब्बर वर तरंगू नये.

सगळ्यात दाटी थ्री सिस्टर्स या झऱ्यांत होते. ही जमीन 2010 मध्ये सार्वजनिक मालकीची झाली आणि अभयारण्याच्या व्यवस्थापनाखाली आली. 15 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात किंग्ज बेमधले ठरावीक भाग दोर आणि बोयांनी (तरंगत्या खुणांनी) बंद असतात. तिथे पोहत, बोटीने, कयाकने, कसंही जायला मनाई. फार गारठ्यात थ्री सिस्टर्सही जलतरणपटूंना बंद करतात. अशा दिवशी काठावरच्या लाकडी पुलावरून बघावं, तिथून दिसतंही जास्त. 2017 मध्ये मॅनेटीचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली, कमी धोक्याच्या गटात आणला, तरी हे नियम तसेच राहिले.