कुसळ, वणवा आणि २ ऑक्टोबरची ग्रामसभा

नान्नज रोडला गाडी लावून माळावर पाच मिनिटं जरी फिरलात तरी घरी येऊन पँटच्या पायातली कुसळं उपसत बसावं लागतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. आज लिहायचंय ते या कुसळाबद्दलच. निमित्त झालं २६ जानेवारीच्या ग्रामसभेचं. आमचं मूळ गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, तिथं गायरानाचा विषय निघाला आणि एक वयस्कर काका उठून म्हणाले, "गवत जाळल्याबिगर नवं जोमानं येत नाही, आमच्या आज्यापासून जाळतोय." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय आला पाणीपट्टीचा. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो, काकांनी बघितलंय ते खोटं नाहीये. जळालेल्या माळावर थोडी ओल मिळाली की कोवळे कोंब येतात आणि काळ्या राखेवर ते जास्तच हिरवे दिसतात. पण हे राखेचं खत नव्हे. राखेत पोटॅश, चुना, थोडं फॉस्फरस उरतं, नत्राचा मोठा भाग मात्र वायू होऊन हवेत जातो, आणि आपल्या हलक्या मुरमाड रानाला कमी काय असतं तर नत्रच. कोंब फुटतात ते मुळाशी साठवलेल्या अन्नावर, म्हणजे गवत स्वतःची ठेव मोडून उभं राहतं. आता दरवर्षी ठेव मोडायची आणि वरून मेंढरं पण सोडायची असं चाललं की मारवेलसारखं चांगलं वैरणीचं गवत मागं पडत जातं आणि कुसळी, म्हणजे ही कुसळं धरणारं गवत, पसरते. कुसळी कोवळी असताना जनावर खातं, पण एकदा कुसळं धरली की तीच कुसळं मेंढरांच्या लोकरीत, तोंडात, कातडीत घुसतात, धनगरांना विचारा.

मग कुसळीलाच आग एवढी कशी मानवते? इथं मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते.

एक वाळकं कुसळ हातात घ्या. खाली सुईसारखं टोक, त्यावर उलट्या दिशेनं वळलेले बारीक केस, म्हणजे आत जाईल पण मागं येणार नाही. वर लांब शेपटी, तिचा खालचा भाग पिळलेला आणि वरचा भाग वाकडा. कुसळीचं शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस, त्यातल्या कॉन्टॉर्टस या शब्दाचा अर्थच पिळलेला. आता त्या पिळावर पाण्याचा एक थेंब टाका आणि बघा, कुसळ तुमच्या तळहातावर फिरायला लागतं! वाळलं की पुन्हा पीळ भरतो. जमिनीवर पडलेल्या कुसळाची वाकडी शेपटी एखाद्या काडीला, दगडाला अडकलेली असते, त्यामुळे शेपटी फिरायच्या ऐवजी बी फिरतं आणि गिरमिटासारखं मातीत शिरतं. रात्रीचा दमटपणा, दुपारचं ऊन, परत रात्र, असं रोज थोडं थोडं खाली.

गंमत म्हणजे या शेपटीत जिवंत असं काहीच नाही, सगळ्या पेशी मेलेल्या. काम करते ती पेशींची भिंत. त्या भिंतीत सेल्युलोजचे अतिशय बारीक आणि ताठ तंतू असतात, जे ओले झाले तरी लांबीला वाढत नाहीत, आणि त्यांच्या मधे जो मऊ पदार्थ भरलेला असतो तो पाणी पिऊन फुगतो. तंतू सरळ उभे असते तर ओली झालेली पेशी फक्त जाड झाली असती. पण ते स्क्रूच्या आट्यांसारखे तिरपे गुंडाळलेले असतात, त्यामुळे मधला पदार्थ फुगला की आट्यांचा कोन बदलतो आणि अख्खी पेशी स्वतःभोवती वळते, आक्रसला की उलटी वळते, आणि अशा शेकडो पेशी एकमेकींना चिकटून एकाच दिशेनं वळल्या की तो पीळ आपल्याला डोळ्यांनी दिसतो. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन यानं १८७६ साली अशाच एका गवतावर काम करून दाखवलं की पिळण्याचा गुण एकेका पेशीतच असतो. त्याच्याही दोनशे वर्षं आधी रॉबर्ट हूकनं रानटी ओटची शेपटी लावून हवेचा दमटपणा दाखवणारं यंत्र केलं होतं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर पीळच बी वाचवतो. गवताची आग वर कित्येकशे अंशांची असते पण एका जागी ती मिनिटभरही टिकत नाही, आणि कोरड्या मातीतून उष्णता फार हळू खाली जाते. दोन-तीन सेंटिमीटर खाली गेलेल्या बीला वरून वणवा गेला काय नि नाही काय. वर पडून राहिलेलं हलकं बी मात्र जळून जातं.

आता हाच दमटपणा वणव्याशी जोडा. वाळलेलं गवत पण मेलेलं आणि तेही हवेतून पाणी घेतं-सोडतं, फक्त पीळ नसल्यामुळे आपल्याला ते दिसत नाही. काडी इतकी बारीक असते की तासाभराच्या आत ती हवेशी जुळवून घेते. मार्चच्या दुपारी आपल्याकडे हवेतला दमटपणा २० टक्क्यांच्या आसपास आला की काडीत ४-५ टक्केच पाणी उरतं. पहाटे दमटपणा ५०-६० टक्के असेल तर तेच ८-१० टक्के होतं. फरक किरकोळ वाटतो ना, पण काडी पेटायच्या आधी तिच्यातलं पाणी उडून जावं लागतं आणि पाण्याची वाफ करायला उष्णता लागते किलोमागे सुमारे २,२६० किलोज्यूल. ती उष्णता शेजारच्या जळत्या काडीकडूनच यायची असते. पाणी साधारण १२-१५ टक्क्यांच्या वर गेलं की विरळ बारीक गवतात आगीला पुढची काडी पेटवणं जमेनासं होतं आणि ती आपोआप विझते. म्हणजे तोच माळ, तीच काडेपेटी, पण पहाटे सहाला आग माणसाच्या चालीनं जाते आणि दुपारी तीनला वाऱ्यावर माणसाला गाठते.

वनखात्याच्या जाळरेषा या हिशोबावरच चालतात. वनहद्दीच्या कडेनं गवताचा पट्टा आधीच कापून, दवाच्या वेळी माणसं उभी करून जाळून घ्यायचा, म्हणजे पुढे वणवा आला तरी तिथं जळायला काही नसतं. आपल्याकडे वणव्याचा हंगाम धरतात १५ फेब्रुवारी ते १५ जून, त्याच्या आधी जाळरेषा झाल्या पाहिजेत. सगळीच आग वाईट असं मी म्हणत नाही. प्रश्न कधी, किती आणि कुणाच्या देखरेखीत एवढाच आहे.

आणि देखरेखीतच सगळं अडतं. सोलापूरचं रान गडचिरोलीसारखं सलग नाही. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं, शेती, रस्ते सगळं आलं, पुढे ते बरंच कमी केलं. जमिनीवर बघाल तर वनखात्याचा एक तुकडा, शेजारी ग्रामपंचायतीकडचं गायरान, मग कुणाचा खाजगी माळ, मग ज्वारी. वणवा गट नंबर बघून थांबत नाही. वनखात्यानं जाळरेषा काढली आणि लागून असलेल्या गायरानाला कुणी वालीच नाही, किंवा भर दुपारी कुणी बांध पेटवला, हुरडा खाऊन झाल्यावर आगटी तशीच सोडून दिली, तर लांडगे, खोकडं, जमिनीवर घरटी करणारे चंडोल यांना पळायला रान उरत नाही, आणि वैरण जाते ती वेगळीच.

कायदे आहेत. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. कलम ७९ लोकांना माहीत नसतं: वनात चराईसारखा हक्क असलेला माणूस आणि लगतच्या गावातला सरकारी नोकर यांच्यावर आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. वर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आहे, त्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, म्हणजे निवडून दिलेला माणूस. जिल्ह्याचा आराखडा हेच प्राधिकरण करतं. त्यात पूर, दुष्काळ याबरोबर माळाचा वणवा गावनिहाय लिहिलाय का, हे आपल्या झेडपी सदस्याला आपणच विचारायचं.

उपग्रह आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि चांगला आहे. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे नाव नोंदवलं तर कुणालाही आगीचे अलर्ट मोबाईलवर येतात. पण ज्या उपग्रहावरून ३७५ मीटरच्या चौकोनात आग दिसते तो आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो आणि मग रात्री. तीन वाजता लागून पावणेचारला विझलेला गवताचा वणवा त्याला दिसणारच नाही. तो दिसतो मेंढरं राखणाऱ्याला, तेव्हा त्याच्या मोबाईलमध्ये वनरक्षकाचा नंबर पाहिजे. ड्रोन नि एआयच्या घोषणा होत राहतील, आधी हा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

आणि माळ पेटवला की पाऊस येतो हे कुणी सांगत असेल तर ऐकू नका. ढगाला समुद्रावरून आलेली वाफ लागते, ती एप्रिलच्या धुरातून येत नाही. नवस फेडायला डोंगर पेटवणं हे तर निव्वळ मुक्या जनावरांचा जीव घेणं आहे.

राहिला ग्रामसभेचा मुद्दा. २६ जानेवारीला ठरवलं तर १५ फेब्रुवारीपर्यंत हातात २० दिवस राहतात, तेवढ्यात वनखात्याला पत्र, मजूर, गवत कापणं काही होत नाही. ठरवायची वेळ २ ऑक्टोबरची, जेव्हा गवत उभं असतं आणि वाळायला लागलेलं असतं. गायरानाच्या कडेची जाळरेषा वनखात्याच्या रेषेला जोडून घ्यायची, मधलं गवत कापून वैरण म्हणून वाटायचं, आणि बांध पेटवायला दुपारी बंदी, असा तीन ओळींचा अर्ज मी ग्रामसेवकांकडे देऊन पोच घेतलीय. सभेला जाताना मूठभर कुसळं आणि पाण्याची बाटली नेणार आहे, पहिलं कुसळ काकांच्या तळहातावर ठेवायचंय.