रक्त गोठणे थांबवतो कोण?

बोट कापले की काही मिनिटांत रक्त थांबते, याचे आपल्याला कौतुक वाटते. मला त्याहून नवल वाटते ते गोठण्याची ही क्रिया जखमेपाशीच आटोपते याचे. तिला लागणारी सगळी सामग्री रक्तातून अंगभर फिरत असते, मग ती पुढे हातभर का पसरत नाही?

आवर घालणारी प्रथिनेही त्याच रक्तात असतात म्हणून. त्यांतली महत्त्वाची तीन म्हणजे अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. अँटिथ्रॉम्बिनचा कारभार सरळ आहे: गुठळी घडवणाऱ्या थ्रॉम्बिनला चिकटायचे आणि निकामी करायचे. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाचे इंजेक्शन याच प्रथिनाचा वेग सुमारे हजारपट वाढवते. त्यामुळे हे प्रथिन रक्तात फारच कमी असेल, तर हेपॅरिनचा नेहमीचा डोस पुरेसा पडत नाही.

प्रोटीन सीची तऱ्हा निराळी. रक्तवाहिनीच्या धडधाकट अस्तरावर थ्रॉम्बोमॉड्युलिन नावाचे प्रथिन असते. थ्रॉम्बिन त्याच्या तावडीत सापडले की गुठळी करायचे सोडून प्रोटीन सीलाच जागे करते. मग प्रोटीन एसला हाताशी धरून प्रोटीन सी गोठण्याला लागणारे पाचव्या आणि आठव्या क्रमांकाचे घटक कापून टाकते. म्हणजे अस्तर फाटले तिथे जे थ्रॉम्बिन गुठळी घडवते, तेच शाबूत अस्तरापाशी तिला लगाम घालते!

या प्रथिनांची उणीव आनुवंशिक असू शकते. अँटिथ्रॉम्बिनची अशी उणीव डॉक्टर ओलाव एगेबर्ग यांनी 1965 मध्ये नॉर्वेतल्या एका कुटुंबात प्रथम नोंदवली. आईकडून किंवा वडिलांकडून सदोष जनुक आले, की प्रथिनाची पातळी साधारण निम्म्यावर येते. अशा पुष्कळांना आयुष्यभर काहीच होत नाही. पण मोठे ऑपरेशन, दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे, गरोदरपण किंवा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या यांची भर पडली, की पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. प्रोटीन सीचे सदोष जनुक दोघांकडूनही आले, तर जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत बाळाच्या त्वचेवर काळेनिळे चट्टे उमटू शकतात. तिथे तातडीने उपचार लागतात.

गुठळीवरचे वॉरफेरिन हे औषधही अशा उणिवेत जपून द्यावे लागते. ते व्हिटॅमिन केचे काम रोखते, आणि प्रोटीन सी व एस तयार व्हायलाही तेच व्हिटॅमिन लागते. प्रोटीन सी काही तासांतच ओसरते, ज्यापासून थ्रॉम्बिन बनते ते प्रोथ्रॉम्बिन मात्र दोन-तीन दिवस टिकून राहते. त्यामुळे सुरुवातीला रक्त उलट गोठण्याकडेच झुकते. क्वचित मांडीची किंवा स्तनांची त्वचा मरते. म्हणून आधी हेपॅरिन सुरू करून मग वॉरफेरिन देतात.

तपासणीची वेळही साधावी लागते. ताज्या गुठळीत ही प्रथिने खर्ची पडलेली असतात, वॉरफेरिन चालू असताना सी आणि एस कमी भरतात, गरोदरपणात एस एरवीही उतरते. अशा वेळचा कमी आकडा पाहून कोणाला आनुवंशिक दोष चिकटवणे घाईचे ठरते; चाचणी नंतर पुन्हा करावी लागते.