शणैमामांची शाळा

आधुनिक प्राथमिक शाळा सुरू होण्यापूर्वी गोव्यातील हिंदू समाजात रूढ असलेली एकशिक्षकी मराठी अध्यापनपद्धती. तिच्यातील शिक्षक म्हणजे शणैमामा; त्याचा ‘शेणवीमामा’ असाही उल्लेख आढळतो. सधन घराच्या पडवीत किंवा देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या निवासाच्या जागेत) मुले जमवून हा शिक्षक लेखन, वाचन व हिशेब शिकवी. तो दुसऱ्या गावी गेला की बहुधा शाळाही मोडे.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. कदंबकाळात एला (आजचे जुने गोवे) परिसरातील ब्रह्मपुरीत, म्हणजे विद्वान ब्राह्मणांच्या वसाहतीत, चालणाऱ्या अध्ययनाशी तिचे नाते जोडले जाते. परंतु तेथील विद्या वैदिक व संस्कृत होती, तर शणैमामांचा भर मराठी, मोडी व व्यवहारी गणितावर होता. जुन्या काबिजादीतील (पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतलेल्या तिसवाडी, बार्देश व सासष्टी या भागांतील) गावकरी या ग्रामसंस्थांच्या प्राचीन दफ्तरांत गोंयकानडी ही कानडीशी जवळची जुनी लिपी आढळते, हेही लक्षात घ्यावे लागते. शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये फोंडा घेतल्यावर, तसेच पेडणे, डिचोली व सत्तरी या महालांवर सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल असताना, मोडी जाणणाऱ्या कारकुनांची गरज वाढली असावी. त्यामुळे या शाळेचे ज्ञात स्वरूप साधारणपणे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर घडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. घोकंपट्टीची रीत मात्र त्याहून जुनी असू शकेल : पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२३ मध्ये कानडी मुलखात मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने आकडे गिरवीत व एका सुरात म्हणत असल्याचे नोंदवले आहे. तो मुलूख गोव्याच्या दक्षिणेस असल्याने हा पुरावा अप्रत्यक्षच मानावा लागतो.

तिसवाडी, बार्देश व सासष्टी येथे सोळाव्या शतकातील देवळांचा विध्वंस आणि १६८४ चा स्थानिक भाषाविरोधी हुकूम यांमुळे अशा अध्यापनाला वाव उरला नाही. १७६३ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांकडे आलेल्या नव्या काबिजादीत ते टिकून राहिले.

अभ्यासक्रमात बाराखडी, उजळणी, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे (पाव, अर्धा ते साडेतीनपटीचे) पाढे, मोडी वळण व पोथीवाचन येई. मोबदला बव्हंशी धान्य, नारळ व सणावारी दक्षिणा या रूपांत मिळे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी संस्थात्मक शाळा उभ्या राहिल्या. पणजीची मुष्टिफंड संस्था (१९०८) मूठमूठ तांदळाच्या वर्गणीतून उभी राहिली. पोर्तुगालमधील १९१० च्या प्रजासत्ताकानंतर हिंदूंना नागरी समानता मिळाली आणि खासगी मराठी शाळांना बळ आले. गोवामुक्तीनंतर (१९६१), विशेषतः पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत (१९६३ पासून), गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि शणैमामांची जागा पगारी, बदलीपात्र शिक्षकाने घेतली. १९५८ पासून दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराच्या कक्षेतही हा शिक्षक आता आला. पुरस्काराचा मान व्यक्तीला असतो, तरी आता तिच्या बदलीनंतरही शाळा चालू राहते. शणैमामांच्या काळी हे शक्य नव्हते. १९९० मध्ये प्राथमिक अनुदान प्रादेशिक भाषेच्या माध्यमाशी जोडले गेले व २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले.