छोटी कुत्री चिडकी, मोठी गरीब: हे आलं कुठून?

छोटं कुत्रं दिसलं की लोक म्हणतात हे आता भुंकणार, अंगावर येणार, आणि कमरेएवढं धिप्पाड कुत्रं मात्र गरीब गाय. हा समज अगदीच खोटा नाहीये, पण त्यामागे बरंच काही आहे आणि त्यातलं निम्मं आपण माणसांनीच केलंय असं मला मनापासून वाटतं.

आकार लहान करणारा जीन, म्हणजे जनुक, माणसाने बनवलेला नाही. आयजीएफ-१ नावाच्या जीनचा कुत्र्यांच्या आकाराशी मोठा संबंध आहे हे २००७ साली कळलं, मग २०२२ मध्ये त्याचा छोट्या अंगाशी जोडलेला प्रकार ५० हजार वर्षांपेक्षा जुन्या लांडग्यातही सापडला, म्हणजे कुत्रा माणसाळायच्या कितीतरी आधीचा. माणसाने फक्त त्याचा उपयोग करून घेतला, आणि तोही कामासाठी.

डॅशहंडच बघा, लांब अंगाची, आखूड पायांची ही छोटी जात. जर्मनमध्ये डाक्स म्हणजे बॅजर, जमिनीत बीळ करून राहणारा, मोठ्या नखांचा प्राणी. त्याच्या मागे अंधाऱ्या बिळात एकट्याने शिरायचं, तोंडासमोर दात-नखं असताना माघार घ्यायची नाही आणि वरच्या शिकाऱ्याला कुठे खणायचं ते कळावं म्हणून जोरजोरात भुंकत राहायचं, हे त्याचं काम. टेरियर या छोट्या शिकारी कुत्र्यांचंही तसंच, कोल्ह्याच्या बिळात घुसायचं. पिढ्यानपिढ्या असा न घाबरणारा, स्वतःचं डोकं चालवणारा जीव निवडला आणि मग त्यालाच सोफ्यावर आणून बसवला, तर दाराची बेल वाजल्यावर तो गप्प कसा बसेल? उलट पेकिंगीजसारखी कुत्री राजवाड्यात मांडीवर बसवायलाच वाढवलेली, त्यामुळे "छोटी कुत्री" असा एकच गट करणं मुळातच चुकीचं आहे.

१८५९ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला डॉग शो झाला, १८७३ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब निघाला, आणि मग कामापेक्षा दिसण्याला भाव आला. स्वभावाचं नीट मोजमाप मात्र खूप उशिरा सुरू झालं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेम्स सर्पेल आणि सहकाऱ्यांनी मालकांनी भरायची एक प्रश्नावली बनवली, सी-बार्क, आणि तिच्यावरून २००८ मध्ये दिसलं की माणसांना चावण्यात किंवा चावायला धावण्यात डॅशहंड, चिवावा आणि जॅक रसेल पुढे आहेत. २०१३ मध्ये ८० जातींवर अभ्यास झाला, त्यातही उंची कमी होत गेली की खायला मागणं, सतत लक्ष मागणं, मालकावर गुरगुरणं वाढत गेलेलं दिसलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१० चा ऑस्ट्रियातला अभ्यास. त्यात १,२७६ मालकांना विचारलं, २० किलोच्या आतली कुत्री छोटी धरली. छोट्या कुत्र्यांचे मालक त्यांच्याशी कमी खेळतात, ट्रेनिंग कमी देतात, आज एक नियम उद्या दुसरा असं वागतात, आणि जिथे शिक्षा जास्त तिथे कुत्री जास्त चिडकी, त्यात छोटी तर जास्त घाबरटही होती.

हे रोज दिसतं हो. अनोळखी माणूस वरून वाकतो, हात थेट डोक्यावर येतो, कुत्रं आधी तोंड फिरवतं, ओठ चाटतं, कान मागे घेतं, मग बारीक गुरगुरतं. चाळीस किलोच्या कुत्र्याने एवढं केलं की सगळे दोन पावलं मागे सरकतात. पाच किलोच्याने केलं की लोक म्हणतात "अगं बाई, किती क्यूट!" आणि त्याला उचलूनच घेतात. चार-सहा वेळा असं झालं की ते गुरगुरणं सोडून देतं आणि सरळ दात लावतं, कारण त्याचं आधीचं सगळं बोलणं वाया गेलेलं असतं.

तरी निव्वळ जातीवरून फार सांगता येत नाही. २०२२ मध्ये १८ हजारांवर कुत्र्यांची माहिती घेऊन केलेल्या अभ्यासात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीने जेमतेम ९ टक्के समजावता आला.